आधी उंबरठा, मग रंग

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

गंजलेल्या गाडीला झकास रंग मारला म्हणजे तिचं रिस्टोरेशन झालं, असं मानणाऱ्यांची संख्या आपल्या कॉलेजात बरीच आहे. दुर्दैवाने त्यात मेकॅनिकलवालेही आहेत. हा लेख त्यांच्याशी भांडण्यासाठी लिहिला आहे. इतरांनी वाचला तरी हरकत नाही. मेसच्या रांगेत उभं राहून वाचण्याइतका तो सोपा आहे. मध्ये एक फॉर्म्युला येतो, तो गाळला तरी चालेल. सबमिशनमध्ये आपण गाळतोच की!

भांडणाचं कारण हॉस्टेलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. एका माजी विद्यार्थ्याने आपल्या वडिलांची गाडी कॉलेजला भेट दिली. आरसी बुकावर साल १९७४, म्हणजे या गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळालं त्याच वर्षीची. ती चकाचक करून फेब्रुवारीत गॅदरिंगला मेन गेटपाशी उभी करायची, असं ठरलं आहे. त्यासाठी कोटेशन्स आली. रंगाचं आलं, सीट कव्हरचं आलं, बंपरला क्रोम चढवायचं आलं, एवढंच काय, मागच्या काचेवर कॉलेजचं बोधचिन्ह चिकटवायचंही आलं. सिल बदलायचं कोटेशन कुणी मागवलंच नाही. का, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "ते कुणाला दिसतंय?"

दिसत नाही हे खरं आहे. म्हणून तर लिहायला बसले.

सिल म्हणजे काय ते आधी सांगते. दार उघडून गाडीत बसताना आपण ज्याच्यावरून पाय पलीकडे टाकतो आणि पावसाळ्यात ज्याच्यावर बुटाचा चिखल पुसतो, तो दाराखालचा लांबलचक पत्रा. पुढच्या चाकाच्या मागून निघून मागच्या चाकापर्यंत जातो, दोन्ही बाजूंना एकेक. गॅरेजमध्ये कुणी त्याला रनिंग बोर्ड म्हणतं, कुणी नुसतं 'खालची पट्टी'. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे सिल म्हटलं की मला खिडकी आणि तिच्यातली कुंडी आठवायची. पण दाराखालच्या लाकडालाही इंग्रजीत सिलच म्हणतात, आणि त्याला मराठीत आपल्याकडे किती छान शब्द आहे: उंबरठा. घराचा उंबरठा काढला तर घर पडत नाही. गाडीचा काढला तर काय होतं? ते गाडीच्या जातीवर अवलंबून आहे.

जीप घ्या किंवा ट्रक घ्या. तिथे चासी वेगळी असते. शिडीसारखी, दोन जाड लोखंडी बीम आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन, चाकं, वजन, खड्डे, सगळं ती शिडी सोसते. वरची बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. अशा गाडीचा दाराखालचा पत्रा सडला तर वाईट दिसेल, पाय अडकेल, पण गाडीचा कणा शाबूत राहील. पद्मिनी त्या जातीची नाही. तिचं मूळ आहे इटलीतल्या फियाटने १९५३ साली आणलेल्या ११००-१०३ या मॉडेलमध्ये. (आपल्याकडे लाडाने जिला 'डुक्कर फियाट' म्हणतात, तीही याच घराण्यातली.) वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून हिची डिलाइट ही आवृत्ती निघू लागली, मग ती प्रेसिडेंट झाली आणि शेवटी पद्मिनी. नावं बदलली, १०८९ सीसीचं इंजिन राहिलं, आणि बॉडीची कल्पनाही तीच राहिली: मोनोकॉक. म्हणजे चासी असा वेगळा भागच नाही. पत्र्याचे दाबून आकार दिलेले तुकडे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडले आणि जी पेटी तयार झाली तीच चासी. ॲम्बॅसॅडरचंही तसंच.

आता या पेटीला चार दारांसाठी चार मोठी भोकं पाडली. भोकांच्या वर छप्पर आहे, मध्ये खांब आहेत, आणि खाली? खाली सिल. पुढचं सस्पेन्शन आणि मागचे पाटे यांच्यामधलं अंतर बांधून ठेवणारं जे काही तळाशी आहे, त्यातला मोठा वाटा सिलचा. दाराचे खांब याच उंबरठ्यावर उभे असतात. म्हणून सिल हा नुसता एक पत्रा नसतो. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा मिळून बंद पेटी बनते. ती बंद आहे म्हणून ताकद आहे.

हा मुद्दा एसओएमच्या लेक्चरला झोपलेल्यांसाठी जरा उलगडून सांगते. समजा १०० मि.मी. बाय १०० मि.मी.ची पेटी आहे आणि पत्र्याची जाडी १ मि.मी. पीळ सोसण्याची तिची क्षमता बंद सेक्शनच्या सूत्राने काढली, म्हणजे क्षेत्रफळाच्या वर्गाला चारने आणि जाडीने गुणून परिघाने भागलं, तर उत्तर येतं १० लाख (मि.मी.चा चौथा घात). आता त्याच पेटीला एका कडेने लांबीभर चीर पाडा. पत्रा तेवढाच, वजन तेवढंच, फक्त पेटी उघडी झाली. उघड्या सेक्शनचं सूत्र वेगळं: परिघाला जाडीच्या घनाने गुणा आणि तीनने भागा. उत्तर १३३. दहा लाख आणि एकशे तेहेतीस! फरक साडेसात हजार पटींचा, आणि तो पडला एका चिरेमुळे. खऱ्या गाडीत सिलची दोन्ही टोकं घट्ट बांधलेली असतात, सोबत फ्लोअर असतो, छप्पर असतं, म्हणून प्रत्यक्षात एवढी दाणादाण उडत नाही. पण गंज नेमका खालच्या शिवणीला लागतो, आणि शिवण उसवली की पेटी उघडी पडते, हे विसरून चालणार नाही. परीक्षेत हाच प्रश्न दहा मार्कांना येतो तेव्हा आपण बिनचूक सोडवतो. शेडमध्ये तोच प्रश्न चार चाकांवर उभा असतो तेव्हा म्हणतो, कुणाला दिसतंय!

गंज खालच्या शिवणीलाच का लागतो? कारण तो बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो. पुढचं चाक चिखलाचा मारा करतं, तो विंगच्या मागच्या कोपऱ्यात साठतो आणि कायम ओला राहतो. दाराच्या काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरतं, दाराच्या तळाच्या भोकांतून खाली येतं. काही पाणी सिलच्या पोटात शिरतं. डिझाइन करणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून सिलला तळाशी पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात. झालं! बंद पेटीत ओल कोंडली. आतल्या बाजूला रंग धड पोचलेला नसतो, आणि दोन पत्रे एकमेकांवर चढवून स्पॉट वेल्ड केलेले असतात त्या फटीत पाणी केशाकर्षणाने चढून बसतं. फटीत ऑक्सिजन कमी, बाहेर जास्त, की तिथे छोटा बॅटरी सेल तयार होतो आणि लोखंड खायला लागतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो पत्रे फाकवतो, फाकले की आणखी पाणी. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आतला कार्यभाग बहुधा आटोपलेला असतो. त्यातून गाडीचं निम्मं आयुष्य किनाऱ्यावर गेलं असेल, तर खारी हवा आहेच मदतीला.

आपल्या पद्मिनीकडे येते. बाहेरून बघाल तर डाव्या बाजूचा सिल गुळगुळीत आहे. संशय येऊ नये इतका गुळगुळीत. साधं लोहचुंबक घेऊन मी आणि माझी रूममेट एका रविवारी बसलो. पुढच्या दाराखाली चुंबक चिकटलं, मध्ये चिकटलं, मागच्या दाराखाली हातातून सुटून खाली पडलं. टिचकी मारली तर पत्र्याचा आवाज यायच्या ऐवजी भिंतीवर मारल्यासारखा 'ठप्प'. इन्स्ट्रक्टर सरांची परवानगी घेऊन तेवढाच भाग खरवडला. वर रंग, रंगाखाली आधीचा रंग, त्याखाली बोटभर जाड पुट्टी, पुट्टीच्या मागे पत्रा नाहीच. पत्र्याच्या जागी वर्तमानपत्राचे बोळे! पुट्टी आत पडू नये म्हणून कोंबलेले. एका तुकड्यावर 'वधू पाहिजे' अजून वाचता येत होतं. स्क्रूड्रायव्हर लावला तर आतला पत्रा पापडासारखा मोडला.

हे काम कोणत्या गॅरेजने केलं, कधी केलं, याची नोंद नाही आणि मला त्यात रसही नाही. असं काम सर्रास होतं. कॉलेजजवळच्या एका डेंटरला दाखवलं तर तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "पुट्टी मारून देतो ताई, चार-पाच वर्षं काही होत नाही." त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक रंगाचे पैसे मोजतं, पोटातल्या पत्र्याचे मोजत नाही, मग तो तरी काय करणार? हाताने पत्रा ठोकून विंगचा गोलावा जुळवणारी ही माणसं आपल्याला चार वर्षांत येणार नाही असं काम करतात. त्यांना आपण सांगतो काय, यावर सगळं आहे. आपण सांगतो, "चमकलं पाहिजे." ते चमकवतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण वाळ्याला पॉलिश मात्र फर्स्ट क्लास.

पुट्टी वाईट नाही. पत्र्यावरची बारीक खोलगट जागा भरायला ती हवीच. पण पुट्टी ताण घेत नाही, वेल्डिंग घेत नाही, आणि काही प्रकारच्या पुट्टीत तर पाणी मुरतं. भोक बुजवायला वापरली की ती फक्त भोकाचा फोटो लपवते.

दुसरी पळवाट जास्त फसवी आहे, कारण तिच्यात वेल्डिंग असतं आणि वेल्डिंग दिसलं की आपण मेकॅनिकलवाले लगेच विरघळतो. सडलेला सिल तसाच ठेवायचा आणि त्याच्यावरून नव्या पत्र्याचं झाकण बसवायचं. काम एका दिवसात होतं, बिल कमी येतं, वरून ठोकून पाहिलं तर आवाजही पत्र्याचा येतो. पण वेल्ड कशाला केलं? सडलेल्या पत्र्याला. आत काय राहिलं? जुना गंज, जुनी ओल आणि आता बाहेर पडायला भोकंही नाहीत. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हा. दोन पावसाळ्यांनी नवा पत्राही आतून खाल्लेला सापडतो.

मग नीट काम कसं करतात? याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पद्मिनीचं नाही, इंग्लंडच्या एमजीबीचं आहे. कारण तिथे हे काम इतक्या गाड्यांवर झालंय की प्रत्येक पायरी घासूनपुसून पक्की झाली आहे. एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार. मोनोकॉक, आणि वर छप्पर नाही! छप्पर नाही म्हणजे सगळा भार खाली. म्हणून तिचा सिल नुसत्या दोन पत्र्यांचा नाही: बाहेरचा सिल, मध्ये उभा पडदा, आतला सिल आणि तळाशी दातेरी आकाराची पट्टी, अशी भरभक्कम रचना. गंमत म्हणजे बाहेरचा सिल दाराखाली संपत नाही. पुढे तो विंगच्या आड जातो, मागे मागच्या पॅनेलच्या आड जातो. त्यामुळे दिसतो तेवढाच तुकडा बदलणं म्हणजे अर्धंच काम, आणि पूर्ण बदलायचा तर पुढची विंग काढावी लागते, मागच्या पॅनेलचा खालचा भाग कापावा लागतो. जगभरात आळस इथेच होतो.

पण कापण्याच्याही आधीचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि इथेच मी जरा रेंगाळणार आहे. सिल कापला त्या क्षणी गाडीचा कणा कापला. गाडी भलत्याच ठिकाणी टेकवलेली असेल तर ती मधोमध वाकते, केळ्यासारखी. मग नवा सिल कितीही सुबक वेल्ड करा, तुम्ही वाकलेल्या गाडीला वाकलेल्या अवस्थेत कायमचं शिवून टाकता. दारं पुन्हा बसत नाहीत. म्हणून आधी गाडी सपाट जमिनीवर, चारही बाजूंनी नीट आधार देऊन, लेव्हल करून उभी करायची. दारं बंद असताना त्यांच्या भोवतीची फट मोजून लिहून ठेवायची. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. मग चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरके आधार, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, वेल्ड किंवा बोल्ट करायचे. घराची भिंत पाडण्यापूर्वी गवंडी टेकू लावतो ना, अगदी तेच. आणि एका वेळी एकच बाजू! दोन्ही सिल एकदम कापण्याचा उत्साह कुणाला आला तर त्याला चहा पाजून हॉस्टेलला परत पाठवावं.

त्यानंतर बॅटरी सोडवायची, पेट्रोलची टाकी आणि पाइपलाइन बाजूला करायची, कार्पेट आणि सीट बाहेर, शेजारी पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर. स्पॉट वेल्डचे ठिपके ड्रिलने एकेक काढायचे, म्हणजे शेजारचा चांगला पत्रा वाचतो. आडवातिडवा ग्राइंडर चालवला की तोही जातो. बाहेरचा पत्रा निघाला की खरी परिस्थिती कळते आणि बहुतेक वेळा आतलाही बदलावा लागतो. चांगल्या, चकचकीत लोखंडापर्यंत मागे कापत जायचं. जिथे गंज संपतो तिथे नव्हे, तिथून थोडं पुढे. मग नवे तुकडे क्लॅम्पने धरायचे, वेल्डिंगला चालणारं झिंक प्रायमर जोडांच्या आत लावायचं, आणि पूर्ण वेल्ड करायच्या आधी दार लावून बघायचं. फट जुळली? मग पुढे. नाही जुळली तर क्लॅम्प सोडा, पुन्हा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण या एका पायरीवर कुणी घाई केलेली गाडी दाराच्या आवाजावरून ओळखता येते.

वेल्डिंगसाठी मिग, म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत सीओटू मशीन. गॅस वेल्डिंगने जुन्या डेंटरांनी उत्तम कामं केली आहेत, पण त्यात उष्णता लांबवर पसरते आणि एक मि.मी.चा पत्रा पोळीसारखा फुगतो. मिगमध्येही सलग रेघ ओढायची नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं. मूळ स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डने भरायची. शेवटी सिलच्या पोटात कॅव्हिटी वॅक्सचा फवारा आणि तळाची भोकं उघडी. विशेषतः ती भोकं! रंगाच्या नादात तीच बुजतात आणि सगळं रामायण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

ब्रिटनमध्ये या कामाला कायद्याचा धाक होता. तिथल्या एमओटी तपासणीत सीट बेल्ट, सस्पेन्शन अशा महत्त्वाच्या जागांपासून ३० सें.मी.च्या आत भार सोसणारा पत्रा सडलेला सापडला तर गाडी नापास, आणि पुट्टीने केलेली दुरुस्ती ग्राह्य नाही. चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न झालेल्या गाड्यांना २०१८ पासून या तपासणीतून सूट मिळाली, पण तोवर लोकांना सिलकडे वाकून बघायची सवय लागली होती. आपल्याकडे सवयीचं राहू दे, वाकून बघायलाच कुणी तयार नाही.

आता दुसऱ्या पार्टीशी भांडण. ही पार्टी रंगवाल्यांहून सुशिक्षित आहे. ते म्हणतात, "सिल कापला तर गाडी ओरिजिनल राहिली कुठे? मूळ पत्रा हाच खरा वारसा." त्यांच्या हातात एक कागदही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जे व्हिंटेज वाहनांचे नियम काढले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज धरली आहे. आपली गाडी पन्नाशी ओलांडून बसली आहे. मग सिल बदलणं हा बॉडी शेलमधला फेरफार नाही का?

माझं वाचन असं की फेरफार आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सनरूफ कापलं, दोन दारं बुजवली, उंची कमी केली, हा फेरफार. त्याच जागी, त्याच आकाराचा, त्याच जाडीचा, त्याच जोडांचा पत्रा परत बसवला तर गाडी मूळ स्वरूपाच्या जवळ जाते, लांब नाही. मूळ स्वरूपात वर्तमानपत्राचे बोळे नव्हते! कुर्ल्याहून निघालेल्या गाडीचा सिल बंद पेटी होता. आज तो बंद पेटी नाही. मग ओरिजिनल कोण, सडलेला जुना पत्रा की काम करणारा नवा? एमजीबीच्या बाबतीत तर १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ डाय वापरून अख्खी नवी बॉडी शेल बनवायला सुरुवात केली. मला तेवढं टोक गाठायचं नाही. अख्खं शेल बदललं तर जुन्या गाडीचं उरलं काय, हा प्रश्न मलाही पडतो. पण अख्खं शेल आणि दोन उंबरठे यांत खूप अंतर आहे.

रिस्टोरेशनला आपल्याकडे जुना शब्द आहे, जीर्णोद्धार. देवळाची तुळई खचली तर ती बदलणं हा जीर्णोद्धार. काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळाला ऑइल पेंट फासणं, हेही आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणूनच केलं गेलं, आणि आता ठिकठिकाणी तो रंग खरवडत बसावं लागतं. दोन्हींतला फरक कळायला आर्किटेक्चरची डिग्री लागत नाही.

तरीही वारसावाल्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करते. बदललेला भाग लपवू नये. नव्या सिलच्या आतल्या बाजूला साल ठोकावं, कापण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो फाइलला लावावेत, आणि कापून काढलेला जुना सिल भंगारात न टाकता वर्कशॉपच्या भिंतीवर टांगावा. पहिल्या वर्षाच्या मुलांना करोजन शिकवायला त्याच्याइतका चांगला चार्ट बाजारात मिळणार नाही.

राहिला शेवटचा आणि स्टाफरूममधून येणारा आक्षेप: "अगं, गाडी नुसती गेटपाशी उभी करायची आहे. चालवणार कोण?" एक तर हे खरं नाही. ड्रायव्हिंग सीटवर कोण बसणार, यावरून आत्ताच फायनल इयरमध्ये मारामारी आहे, आणि व्हिंटेज नोंदणी झाली तर प्रदर्शनाला, रॅलीला ती रस्त्यावरून नेता येते, म्हणजे नेली जाणारच. जॅक लावायची वेळ आली तर तो लावणार कुठे? वर्तमानपत्राला? आणि दुसरं, समजा खरंच चालवायची नाही. मग रंग तरी कशाला? आहे तशी ठेवा. धुवा, गंज थांबवा, वॅक्स मारा, डावा सिल उघडा ठेवून शेजारी पाटी लावा: इथे काय झालं ते बघा. ते मला पूर्ण मान्य आहे, स्वस्त आहे आणि प्रामाणिक आहे. पुढे कधीतरी पैसे आले की काम करता येईल. पण पुट्टी, वर रंग, वर क्रोम आणि शेजारी 'रिस्टोर्ड बाय मेकॅनिकल डिपार्टमेंट' असा बोर्ड, याला माझा विरोध आहे.

पैशाचं म्हणाल तर रंगाचा आणि क्रोमचा खर्च यंदा बाजूला ठेवला तर त्यात पत्रा, वायर आणि गॅस सिलिंडर सहज बसतं. रेडीमेड सिल शोधत हिंडायला नको. पद्मिनी टॅक्सी मुंबईत होत्या तोवर त्यांच्या पार्ट्सना रोजचं गिऱ्हाईक होतं. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली, तिची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली आणि ती रस्त्यावरून गेली. आता आपल्यालाच बनवावं लागेल. बनवता येईल. आपल्याकडे शीअरिंग मशीन आहे, बेंडिंग मशीन आहे, सीओटू वेल्डिंग आहे, आणि शीट मेटलच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी प्रत्येक बॅच पत्र्याचा एक निरुपयोगी ट्रे बनवते. तो ट्रे एक वर्ष नाही बनला तर काही बिघडत नाही. चांगल्या राहिलेल्या जागांवरून पुठ्ठ्याचे पॅटर्न काढायचे, ड्रॉइंग करायचं, आधी एक हाताच्या लांबीचा नमुना वाकवून बघायचा. डेंटर उस्तादांना दोन दिवस मानधन देऊन बोलवावं, आणि त्यांना 'व्हिजिटिंग फॅकल्टी' असा चहा पाजावा, म्हणजे कपबशीत.

उजव्या बाजूचा सिल अजून कुणी तपासलेला नाही. चुंबक माझ्याकडे आहे. परीक्षा संपल्यावर पुढच्या टर्मच्या पहिल्या शनिवारी, दुपारी प्रॅक्टिकलनंतर, इन्स्ट्रक्टर सरांनी शेड उघडून द्यायचं कबूल केलं आहे. ज्यांना यायचं त्यांनी या. रंगवाल्या पार्टीनेही या. बूट घालून या, चपला घालून आलेल्यांना ग्राइंडरजवळ येऊ देणार नाही.